रक्त वाहतंय आणि आपण सलाइन सोडतोय

भूलतज्ज्ञ: काल या ग्रुपवर कुणी लिहिलं, 'बीपी लागत नसेल तर दोन लिटर एनएस (नॉर्मल सलाइन, मिठाचं पाणी) धडाधड सोडा, रक्ताचं मागाहून बघू.' वाचून झोप उडाली. रक्तात क्लोराइड शंभरच्या आसपास, एनएसमध्ये १५४. पेशंट आधीच अ‍ॅसिडोसिसमध्ये, म्हणजे रक्तात आम्ल वाढलेलं, त्यात या क्लोराइडने आणखी भर. रक्त पातळ होतं, अंग गार पडतं, बीपी चढलं की धरलेली गुठळी सुटते. अमेरिकेत ह्यूस्टनमध्ये छाती-पोटात गोळी-सुरा लागलेल्यांना ऑपरेशनपर्यंत फ्लुइड रोखलं (१९९४), तर ७० टक्के जगले. लगेच दिलेल्यांत ६२.

माळरान: ते मीच लिहिलं. ह्यूस्टनचा पेशंट लगेच टेबलावर जातो. माझ्याकडून रक्तपेढी दोन तास. मागच्या पावसाळ्यात बाळंतीण, गर्भाशय आकसेना, नाडी हाताला लागेना. आरएल (रिंगर लॅक्टेट, कमी क्लोराइडचं सलाइन) सोडलं म्हणून ती जिल्ह्याला जिवंत पोचली.

भूलतज्ज्ञ: म्हणजे दिलंत आरएल, आणि सल्ला एनएसचा?

माळरान: कपाटात जे असेल ते लावतो. दोन्ही असतील तर आरएल, मान्य. पण डोक्याला मार असेल तर एनएसच, आणि तिथे बीपी पडू देणंही घातक. तेही लिहायला हवं होतंत.

थोरली: मी डॉक्टर नाही. वडिलांच्या वेळी आम्हाला अल्ब्युमिनसाठी (रक्तातल्या प्रथिनाची बाटली) पळवलं, आईच्या पाटल्या गहाण पडल्या. त्याने खरंच फरक पडतो का?

भूलतज्ज्ञ: ताई, २००४ साली आयसीयूतल्या सुमारे सात हजार पेशंटवर अल्ब्युमिन आणि सलाइन ताडून पाहिलं. अठ्ठावीस दिवसांतले मृत्यू सारखेच.

माळरान: खरं औषध रक्तच, आणि ते दारात उभं असतं! पूर्वी भावाचं रक्त तपासून, जुळवून तिथेच चढवायचो. १९९६च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर नियम आवळले आणि ते बेकायदा झालं. सीमेवरच्या लष्करी इस्पितळांना मुभा, आमच्या बायकांनी मरायचं?

सिस्टर: सर, विंडो पीरियडचं काय? म्हणजे लागण झालेली असते, पण टेस्टमध्ये अजून दिसत नाही, तो काळ. रक्तातून एचआयव्ही झालेलं पोर मी वॉर्डात सांभाळलंय. घाईतली किट टेस्ट निगेटिव्ह आली म्हणून रक्त निर्धोक होत नाही.

माळरान: एचआयव्ही व्हायला आधी जगावं लागतं, सिस्टर.

सिस्टर: हे त्या पोराच्या आईसमोर बोलून दाखवा.

माळरान: ...नाही बोलणार. चुकलं. पण कायद्याने दोन तासांचा रस्ता कमी होत नाही.

भूलतज्ज्ञ: रस्त्याचं तुमचं बरोबर आहे, मी शहरातून बोलतोय. एकच विचारतो. त्या बाळंतिणीला ट्रॅनेक्सा (ट्रॅनेक्सामिक अ‍ॅसिड, रक्तस्राव कमी करणारं औषध) दिलंत? तीन तासांच्या आत द्यावं लागतं.

माळरान: एक ग्रॅम, गाडी हलायच्या आधी. आणि तिचा भाऊ दारातच होता. ओ पॉझिटिव्ह, बहिणीचाच गट.