लॉटरीच्या पैशातून मैदानं होतील म्हणे!

तापीकाठचा: काल एका दादांनी लिहिलं, "ब्रिटनसारखी राष्ट्रीय लॉटरी आणा, गावोगावी मैदानं होतील." वाचून डोकंच सणकलं. तिकडे 1994 पासून तिकिटाच्या पैशातला साधारण पाव हिस्सा कला, खेळ, जुन्या वास्तू, सेवाकार्य यांच्यासाठी बाजूला निघतो आणि तो वाटायला वेगळी मंडळं आहेत. आपली महाराष्ट्राची लॉटरी 1969 पासून आहे. पैसा जातो सरकारी तिजोरीत. त्यातून आमच्या चोपडा तालुक्यात काय झालं, दाखवा कुणी! वर तिकिटावर जीएसटी 28 टक्के होता, सप्टेंबर 2025 पासून 40. गरिबाच्या खिशाला सरकारी कात्री, दुसरं काय?

भुसावळची आक्का: गरिबाचा एवढा कळवळा? माझे मामा एका पायाने अधू, स्टेशनबाहेर तिकिटं विकून तीन पोरं शिकवली. बंद करायला निघालात तर त्यांना भाकर तुम्ही घालणार का?

तापीकाठचा: बंद करा असं मी कुठं म्हटलं?

धुळ्याचा भो: बंद केली तरी मटका आहेच की. मना बाप कपाशीचे पैसे आकड्यावर लावे. माय रडे. सरकारी तिकीट परवडलं, निदान पोलीस तरी दारात येत नाहीत.

अमळनेरकर: तिजोरीचं काय सांगता! पाडळसे धरण बघा. माझ्या लग्नाच्या वरातीत लोक म्हणत होते, आता पाणी येईल. पोरगी कॉलेजला गेली, धरण अजून पुरं नाही.

भुसावळची आक्का: धागा लॉटरीचा आहे, दादा.

अमळनेरकर: तुमच्या नळाला पाणी येत असेल, म्हणून धागा आठवतो!

रावेरचा केळीवाला: पाणी असून आमचं काय भलं झालं? मे महिन्यातल्या वादळात बाग झोपली, विम्यासाठी किती चकरा मारल्या ते विचारा.

धुळ्याचा भो: घ्या! आता केळी आली.

भुसावळची आक्का: केरळात 2011 पासून 'कारुण्य' लॉटरी आहे. तिचा पैसा गरिबांच्या कॅन्सर, हृदय, किडनीच्या उपचाराला जातो. आपल्याकडे का नको?

तापीकाठचा: बरं बाई, ते मान्य. हिशेब वेगळा ठेवत असतील तर मीही घेईन तिकीट. पण बक्षीस लागलं की वर 30 टक्के प्राप्तिकर, तो विसरू नका.

अमळनेरकर: मग पाडळसेच्या नावानेच एक बंपर काढा. पहिलं तिकीट माझं.

भुसावळची आक्का: सोडत कधी? धरण झाल्यावर?

अमळनेरकर: आक्का, हसू नका. तीन एकर कोरडं आहे माझं.