बागेत पक्ष्यांसाठी दाणे ठेवले की कुरव येतात, काय करावे?

परसदार: नमस्कार. आमचे घर समुद्रकिनाऱ्याच्या जवळ आहे. परसबागेत लहान पक्ष्यांसाठी उघड्या ताटात दाणे आणि पावाचे तुकडे ठेवायला मी सुरुवात केली, तेव्हा प्रथम चिमण्या आणि होले येत असत. आता मात्र कुरव, म्हणजेच सीगल, छपराच्या कडेवर आधीपासूनच वाट पाहत बसलेले असतात आणि मी पाठ फिरवताच ताट रिकामे करतात. शेजारच्या छपरावर त्यांच्या एका जोडीने घरटेही केले असून शेजारी माझ्यावर नाराज आहेत. दाणे ठेवणे पूर्णपणे थांबवावे, की कुरवांसाठी बागेच्या दुसऱ्या टोकाला वेगळे खाद्य ठेवून लहान पक्ष्यांना मोकळीक द्यावी?

दुर्बीण: वेगळे खाद्य मुळीच ठेवू नये. कुरव हा दीर्घायुषी आणि अतिशय चौकस पक्षी आहे. खाद्य कोठे आणि कोणत्या वेळी मिळते हे तो लक्षात ठेवतो, आणि एकाला खाली उतरताना पाहिले की दूरवर घिरट्या घालणारे इतरही त्याच्यामागे येतात. म्हणून दुसरे ताट ठेवल्यास पहिले ताट सुटणार नाही, फक्त पाहुणे वाढतील.

खरी अडचण उघड्या ताटाची आणि पावाची आहे. मोठ्या जातीच्या कुरवाचे वजन साधारण एक किलो असते, त्यामुळे लटकत्या नळीसारख्या खाद्यपात्राच्या बारीक दांडीवर त्याला बसता येत नाही. ज्या पात्राभोवती जाळीचा पिंजरा असतो, त्यात चिमणीएवढे पक्षी सहज शिरतात, मोठे बाहेरच राहतात. होले मात्र जमिनीवर टिपणारे असल्यामुळे त्यांची या व्यवस्थेत थोडी गैरसोय होईल, ती मला मान्य आहे. पाव बंद करून सोललेल्या सूर्यफुलाच्या बिया ठेवाव्यात, म्हणजे खाली टरफले पडत नाहीत. मिश्र दाण्यांत पक्षी नावडते दाणे चोचीने उडवून टाकतात आणि पुढे त्या सड्यावरच कुरव व रात्री उंदीर येतात. एक-दोन तासांत संपेल इतकेच खाद्य ठेवावे आणि दिवेलागणीपूर्वी खालची जागा झाडून घ्यावी.

आणखी एक, काहीसे गमतीचे वाटेल असे. इंग्लंडमधील एक्सेटर विद्यापीठाच्या संशोधकांनी 2019 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की माणूस रोखून पाहत असेल, तर खाद्याजवळ यायला कुरव अधिक वेळ घेतात. आपण पाठ फिरवल्यावरच ताट रिकामे होते, हे आपले निरीक्षण त्याच्याशी जुळते. अर्थात दिवसभर ताटाकडे डोळे वटारून बसणे कोणालाच शक्य नाही!

पाणवठा: वरील सूचना योग्य आहेत, परंतु मी एक पाऊल पुढे जाऊन म्हणेन की ताट कायमचे उचलावे, आणि त्याचे कारण कुरव नव्हे. ट्रायकोमोनोसिस हा परजीवीमुळे होणारा रोग अशाच जागी पसरतो. रोगट पक्ष्याच्या घशाला सूज येते, त्याला गिळता येत नाही, लाळेने भिजलेला दाणा चोचीतून पुन्हा ताटात पडतो आणि शेजारचा निरोगी पक्षी तोच उचलतो. ब्रिटनमध्ये 2005 नंतर ग्रीनफिंच या पक्ष्याची संख्या याच रोगामुळे झपाट्याने घटली. आरएसपीबी या तेथील पक्षिसंरक्षण संस्थेने 2025 मध्ये सपाट पृष्ठभागाच्या खाद्यपात्रांची विक्री थांबवली, तीही याच चिंतेतून. पिसे फुगवून, डोळे अर्धवट मिटून, चोचीच्या कडा ओल्या असलेला पक्षी ताटाजवळ तसाच बसून राहिलेला दिसला, तर काही आठवडे खाद्य पूर्णपणे बंद करून पात्रे निर्जंतुक करावीत. एरवीही आठवड्यातून एकदा ती घासून, पूर्ण वाळवून मगच भरावीत.

माझ्या मते उथळ भांड्यात रोज बदललेले पाणी आणि बिया, फळे व किडे देणारी झुडपे एवढे पुरेसे आहे. कुरवांना झुडपांत शिरून किडे वेचण्यात रस नसतो.

छप्पर: घरट्याविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. अनेक देशांत कुरवांची अंडी व वापरातील घरटी यांना कायद्याचे संरक्षण आहे. तेव्हा शेजाऱ्यांनी परस्पर काही करू नये. विणीचा हंगाम संपल्यावर, स्थानिक नियम पाहून, छपरावर जाळी बसवता येते.

घरट्यातील पिल्लांना उडायला पाच ते सहा आठवडे लागतात आणि पिल्ले छपरावरून खाली उतरतात तेव्हा पालकांचे झेपावणे सर्वाधिक असते. त्या काळात छत्री उघडून चालावे. ते बहुधा डोक्याच्या सर्वांत उंच भागाकडे येतात, त्यामुळे छत्री पुरते. पालकाच्या पिवळ्या चोचीवरील लाल ठिपका आपण पाहिला असेल. पिल्लू त्यावर टोचते, तेव्हा पालक अन्न उलटून देतो. निको टिनबर्गन यांनी या वर्तनावर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. प्राण्यांच्या वर्तनाच्या अभ्यासासाठी त्यांना 1973 मध्ये नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

परसदार: सर्वांचे आभार. ताट आजच काढले. जाळीचे पात्र मागवतो आणि पाण्याचे भांडेही ठेवतो. एक करड्या ठिपक्यांचे पिल्लू खाली उतरून कुंपणाजवळ फिरत आहे. त्याला दूध-पाव द्यावा का?

छप्पर: देऊ नये. पक्ष्यांना दूध पचत नाही आणि पावात पोषण अत्यल्प असते. पालक वरून पाहत असतात आणि त्याला जमिनीवरही भरवतात. ते जखमी नसेल, तर मांजर-कुत्रे दूर ठेवून त्याला आहे तिथेच राहू द्यावे. पंख लोंबकळत असेल किंवा पिल्लू उठत नसेल, तर वन्यजीव बचाव केंद्राला कळवावे. मेलेला पक्षी आढळल्यास उघड्या हातांनी उचलू नये. बर्ड फ्लूची लागण कुरवांमध्येही होते.