मदत हवी आहे: इन्ट्रॉन स्वतःलाच कापतो, मग तो उत्प्रेरक कसा?

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात, राजारामपुरीत बारावी आणि नीटच्या पोरांना जीवशास्त्र शिकवतो. परवा रायबोझाइम घेतलं, म्हणजे उत्प्रेरकाचं काम करणारा आरएनए. थॉमस चेक यांचा १९८२ चा टेट्राहायमेना या एकपेशीय जीवावरचा प्रयोग सांगितला: आरआरएनएमधला (रायबोसोमच्या आरएनएमधला) इन्ट्रॉन, म्हणजे मधला काढून टाकायचा तुकडा, कुठल्याही प्रथिनाशिवाय स्वतःच कापून बाहेर पडतो आणि मागची दोन टोकं जुळतात. लागतं ते मॅग्नेशियम आणि ग्वानोसिन.

मागच्या बाकावरची एक पोरगी उठली. "सर, उत्प्रेरक अभिक्रियेनंतर जसाच्या तसा उरतो असं तुम्हीच लिहून दिलंय. हा तर एकदा कापला की खलास!"

मुद्दा बिनतोड आहे. सिडनी आल्टमन यांच्या आरनेज-पी या रायबोझाइमबद्दल अडचण नाही, ते दुसऱ्याच आरएनएला कापतं, म्हणजे टीआरएनएच्या कच्च्या रेणूला. पण १९८९ चं नोबेल दोघांना मिळून आहे. इन्ट्रॉन व्याख्येत बसवायचा कसा? "परीक्षेपुरतं पाठ कर" असं सांगायला जीभ रेटत नाही.

प्रतिसाद १
सर, पोरगी हुशार आहे, सोडू नका तिला! काटेकोर बघितलं तर मूळ इन्ट्रॉन एन्झाइम नाहीच. अभिक्रियेचा वेग प्रचंड वाढवतो, पण एकाच फेरीपुरता. ही उणीव चेक यांच्याच प्रयोगशाळेने १९८६ मध्ये भरून काढली. बाहेर पडलेल्या इन्ट्रॉनमधून १९ न्यूक्लिओटाइड (आरएनए साखळीचे मणी) गेल्यावर जो एल-१९ उरतो, तो बाहेरून दिलेल्या सायटिडिनच्या छोट्या साखळ्यांवर काम करतो. एकीचा तुकडा तोडून दुसरीला जोडतो, स्वतः तसाच राहतो आणि पुढच्या साखळीला मोकळा. हे तिच्या व्याख्येत चपखल बसतं.

आरनेज-पीबद्दल एक भर घाला. जिवाणूंमध्ये त्यात आरएनए आणि प्रथिन दोन्ही असतात. १९८३ मध्ये दिसलं की भरपूर मॅग्नेशियम असेल तर एकटा आरएनए कापू शकतो, एकट्या प्रथिनाला ते जमत नाही.

तुमच्या पुस्तकातला २३एस आरआरएनए तर याहून भारी. २००० साली प्रथिनं बनवणाऱ्या रायबोसोमची रचना उलगडली तेव्हा पेप्टाइड बंध जुळतो त्या जागी आरएनएच होता, प्रथिन जवळपासही नव्हतं.

धागाकर्ता
एल-१९ माहीतच नव्हतं, आभार! फळ्यावर काढायचंय म्हणून विचारतो, ती १९ कुठल्या टोकाची?

प्रतिसाद १
५′ टोकाची. ३′ टोकाचा 'जी' (ग्वानोसिन) शाबूत राहतो, साखळीवर हल्ला तोच करतो. तो वेगळ्या खडूने काढा.