बुटीबोरी ते रॉटरडॅम व्हाया आफ्रिका: लाल समुद्राचा सरचार्ज कोणाच्या डोक्यावर?

बुटीबोरीकर (27 मार्च 2024, रात्री 9.40)

मंडळी, धुळवडीचा रंग अजून कानामागे आहे अन् आज मेल उघडला तर शिपिंग लाईनचं नवीन कोटेशन. भाडं वेगळं, त्याखाली वॉर रिस्क सरचार्ज, त्याखाली आणखी एक आणीबाणीचा सरचार्ज. बेरीज पाहून बायकोला हाक मारली, म्हटलं चष्म्याचा नंबर वाढला की काय ते पहा.

आमचा बुटीबोरीला छोटा कारखाना आहे, सुती कापडाच्या पिशव्या शिवतो. गिऱ्हाईक हॉलंडचं. सौदा ऑक्टोबरात ठरला, सीआयएफ रॉटरडॅम, माल पोचल्यावर तीस दिवसांनी पैसे. तेव्हा लाल समुद्रात काही नव्हतं. आता लाईनवाला म्हणतो सुएझ बंद समजा, जहाज आफ्रिकेला वळसा घालून जाईल, दोन आठवडे जास्त धरा.

माझे प्रश्न तीन.

हा जास्तीचा खर्च मीच भरायचा का? गिऱ्हाईक म्हणतं, तुझं तू पाहा.

चाच्यांनी जहाज पळवलं किंवा येमेनच्या हुथी बंडखोरांनी मिसाईल मारलं, तर विमा मिळतो की नाही? एजंट म्हणतो "सगळं कव्हर आहे साहेब." हे वाक्य मी याआधी गारपिटीच्या वेळी गोदामासाठी ऐकलं आहे, म्हणून विचारून राहिलो.

आणि खरंच इतका धोका आहे का, की लाईनवाले हात धुऊन घेऊन राहिले? नागपुरात बसून समुद्रातलं काय कळणार, फुटाळा तलावाच्या पलीकडे आपण पाणी पाहत नाही.

तर्रीपोहे (27 मार्च, रात्री 10.05)

भाऊ, पिशव्या बैलगाडीने पाठवा. सरचार्ज नाही, चाचे नाहीत, फक्त चारा.

अजनीवाला सीएचए (27 मार्च, रात्री 11.20)

तर्रीपोहे, झोपा आता.

बुटीबोरीकर भाऊ, निर्यातीचे कस्टम्सचे कागद करणं हा माझा धंदाच, म्हणून सरळ सांगतो. सीआयएफ म्हणजे भाडं आणि विमा दोन्ही तुमच्या गळ्यात. कराराच्या कागदावर "लढाई वा वळशामुळे वाढलेला खर्च खरेदीदाराचा" अशी ओळ असेल तर मागा, नसेल तर विनंतीवर भागवा. माझ्या दोन पार्ट्यांनी अर्धा-अर्धा करून घेतला. एफओबीवाले सध्या निवांत आहेत, त्यांचं भाडं समोरचा भरतो. पुढचा सौदा करताना हे डोक्यात ठेवा.

वळसा घालू नका असं लाईनला सांगता येत नाही. बिल ऑफ लेडिंगच्या, म्हणजे लाईनने दिलेल्या माल-पावतीच्या, पाठीमागची बारीक अक्षरं भिंग घेऊन वाचा. कोणत्या वाटेने न्यायचं, मध्ये कुठे उतरवायचं, सगळं त्यांच्या मर्जीवर सोडलेलं असतं.

आता विमा. इथे लोक सगळ्यात जास्त फसतात. माल-विम्याचे ए, बी, सी असे तीन क्लॉज. सीआयएफमध्ये वेगळं काही ठरलं नसेल तर विकणाऱ्याने फक्त सी घेतला तरी चालतं, आणि एजंट स्वस्तात तोच देऊन मोकळा होतो. सी मध्ये चाचेगिरी येत नाही. ए मध्ये येते. ए मध्ये लढाई वगळलेली आहे, पण त्याच ओळीत "चाचेगिरी सोडून" असं लिहिलं आहे, म्हणजे चाच्यांचं नुकसान ए मध्ये मिळतं. मिसाईलचं मिळत नाही. त्यासाठी वॉर क्लॉज वेगळा घ्यावा लागतो. आणि दहशतवाद बसतो तिसऱ्याच खणात, संप-दंगलीच्या स्ट्राइक्स क्लॉजमध्ये, ज्याला आपल्याकडे एसआरसीसी म्हणतात. हुथींचा मारा लढाई की दहशतवाद, यावर वकील भांडतील. आपण दोन्ही घेऊन ठेवायचे आणि भांडण त्यांच्यावर सोडायचं.

वॉर कव्हर माल जहाजावर चढल्यापासून सुरू होतं. इथून न्हावाशेवापर्यंतच्या रेल्वेला ते लागू नाही. आणि कंपनी सात दिवसांची नोटीस देऊन ते काढूनही घेऊ शकते, तेव्हा बुकिंगच्या आठवड्यात पुन्हा विचारा.

उशिराचं नुकसान कोणत्याच क्लॉजमध्ये नाही. पिशव्या सीझन संपल्यावर पोचल्या तर विमावाला एक रुपया देणार नाही.

शेवटचं, जनरल अ‍ॅव्हरेज. जहाज पळवलं आणि मालकाने खंडणी भरून सोडवलं, तर ती रक्कम जहाज आणि त्यावरच्या सगळ्या मालाच्या किमतीच्या प्रमाणात वाटली जाऊ शकते. तुमच्या पिशव्यांना धक्का न लागता तुम्हाला वर्गणी येते, आणि हमी दिल्याशिवाय कंटेनर सुटत नाही. विमा असेल तर ती हमी कंपनी देते, अगदी सी क्लॉजमध्येही. विमा नसेल तर रोख भरा. 2021 मध्ये सुएझमध्ये एव्हर गिव्हन हे कंटेनर जहाज अडकलं तेव्हा लोकांनी याच नावाने कपाळाला हात लावला होता.

इंजिनरूम धरमपेठ (28 मार्च, सकाळी 6.50)

मी चीफ इंजिनिअर म्हणून रिटायर झालो. नागपुरात मर्चंट नेव्ही म्हटलं की लग्नात हमखास कोणीतरी विचारतं, "मग बंदूक मिळते का?" मिळत नाही. आम्हाला पाना मिळतो.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाबद्दल. सीएचए साहेबांनी कागदावर चाचे आणि लढाई असे जे दोन खण पाडले, ते पाण्यावरही तसेच वेगळे आहेत. टीव्हीवाले मात्र दोघांना एकाच पातेल्यात ढवळतात.

चाच्याला जहाज शाबूत पाहिजे आणि माणसं जिवंत पाहिजेत, कारण धंदा खंडणीचा. त्याला तुमच्या पिशव्या नकोत. 2008 ते 2011 ही सोमाली चाच्यांची चलतीची वर्षं. एकट्या 2011 मध्ये त्यांच्या नावावर 237 हल्ले लागले. त्या काळात एडनच्या आखातात शिरण्याआधी आमचा डेक पाहिला असता तर जहाज आहे की तुरुंग, असं वाटलं असतं. रेझर वायरची भेंडोळी रेलिंगबाहेर लटकवायची. ही शेताच्या कुंपणाची तार नव्हे, तिला पाती असतात, चामड्याचे हातमोजे फाडून बोटात जातात. सगळ्यात दाट मागच्या बाजूला, कारण ते मागून येतात, छोट्या वेगवान होडीतून, टोकाला आकडे लावलेली शिडी घेऊन. फायर होज बाहेरच्या दिशेने बांधून पंप चालू ठेवायचे. बॉयलर सूटमध्ये चिंध्या कोंबून बुजगावणी करायची आणि पहाऱ्यावर उभी करायची. आमच्या बोसनने, म्हणजे डेकवरच्या मुकादमाने, एका बुजगावण्याला कॅप्टनची जुनी टोपी घातली. कॅप्टनला ते फारसं रुचलं नाही.

तरीही चढलेच तर सिटाडेल, म्हणजे सगळ्यांनी आत कोंडून घ्यायची मजबूत खोली. आमच्या जहाजावर ती स्टीअरिंग गिअरची खोली होती, सुकाणू फिरवणारी यंत्रं असतात ती. पाण्याचे ड्रम, बिस्किटं, सॅटेलाइट फोन, कोपऱ्यात बादली. आत जाण्याआधी मुख्य इंजिन बंद करायचं, म्हणजे त्यांना जहाज किनाऱ्याकडे नेता येत नाही. आणि शेवटचा माणूस आत आल्याशिवाय उपयोग शून्य, कारण एक जरी त्यांच्या हातात राहिला तर नौदल चढाई करायला धजत नाही. ड्रिलमध्ये स्वयंपाकी नेहमी उशिरा यायचा, गॅस बंद करून. त्याला मी कधी ओरडलो नाही, ते कामही करायलाच हवं.

तुमचा माल कंटेनर जहाजावर जाणार. ही जहाजं वेगवान, काठ पाण्यापासून उंच. अठरा नॉटच्या वर धावणाऱ्या जहाजावर चाचे चढल्याची नोंद नव्हती, असं आमच्या मार्गदर्शक पुस्तकात छापलेलं होतं. सापडतात ती हळू, भरून खाली बसलेली बल्क (सुटा माल नेणारी) आणि टँकर जहाजं. रुएन तसंच बल्क जहाज. डिसेंबरात पळवलं आणि चाच्यांनी ते दूर समुद्रात आपला तळ म्हणून वापरायला काढलं. भारताच्या किनाऱ्यापासून 2600 किलोमीटरवर आयएनएस कोलकाताने त्याला गाठलं, सी-17 विमानातून मार्कोस कमांडो उतरवले, 40 तासांनी 35 चाचे शरण आले आणि 17 खलाशी सुटले. परवा 23 तारखेला ते 35 जण मुंबईत आणले.

सगळे टाळ्या वाजवत होते, मीही वाजवल्या. पण मला अस्फाल्ट व्हेंचर आठवलं. 2010 मध्ये पळवलं, 15 भारतीय. खंडणी पोचली, जहाज सुटलं, आठ सोडले आणि सात ठेवून घेतले. कारण आपल्या नौदलाने पकडलेले त्यांचे साथीदार मुंबईच्या तुरुंगात होते. ते सात जण ऑक्टोबर 2014 मध्ये सुटले. तेव्हा चाच्यांवर खटला चालवायला आपल्याकडे धड कायदाही नव्हता, तो 2022 मध्ये झाला.

हुथींचं गणित निराळं. त्यांना खंडणी नको, जहाज बुडालं तरी चालतं. 19 नोव्हेंबरला गॅलेक्सी लीडरवर हेलिकॉप्टर उतरवलं, जहाज आपल्या पिपावावला येत होतं, त्याचे 25 खलाशी त्यांनी ओलीस धरले. त्यांनी मारलेलं रुबीमार जहाज याच महिन्यात 2 तारखेला बुडालं. 6 तारखेला ट्रू कॉन्फिडन्सवर मारा झाला, तीन खलाशी गेले. उरलेल्यांना आयएनएस कोलकातानेच उचललं. तिथे रेझर वायरचं करायचं काय? सशस्त्र गार्ड घेतले तरी त्यांच्या रायफलींनी मिसाईल पडत नाही, आणि अठरा नॉट काय, पंचवीस नॉटही त्याला थांबल्यासारखेच. लाल समुद्राच्या तोंडाची बाब-एल-मांदेब सामुद्रधुनी जेमतेम तीस किलोमीटर रुंद आहे, किनाऱ्यावरून दिसतं सगळं. मालकाला एका फेरीसाठी जहाजाच्या किमतीच्या एक टक्क्याच्या आसपास युद्धविमा भरावा लागतो आहे. शंभर कोटींच्या जहाजाला एका फेरीचे एक कोटी. तेव्हा वळसाच परवडतो.

लाईनवाले हात धुऊन घेत आहेत का? घेत आहेत. वळशाने जाणाऱ्या जहाजावर "वॉर रिस्क" कसला, हे त्यांना लेखी विचारा. आफ्रिकेच्या टोकाच्या, केपच्या वाटेला मिसाईल नाही, तिथे फक्त इंधन जास्त जळतं.

वर्धारोड (28 मार्च, सकाळी 10.15)

समुद्राचं कळलं. पण बंदराचं काय? कंटेनरमध्ये कोणी काही घालून न्हावाशेवात उडवलं तर? 1993 चं आरडीएक्स शेखाडीला उतरलंच होतं ना.

अजनीवाला सीएचए (28 मार्च, दुपारी 1.30)

उतरलं, पण बंदरात नाही. शेखाडी हे रायगडमधलं कोळ्यांचं गाव. 26/11 ला पण तेच, कुबेर ही पोरबंदरची मासेमारी बोट पकडली, तांडेलला मारलं आणि कुलाब्याच्या मच्छीमार वस्तीत रबरी होडीतून उतरले. मोठ्या बंदराचं फाटक त्यांनी टाळलंच. आता तर 1 जुलै 2004 पासून जहाजं-बंदरांच्या सुरक्षेचा आयएसपीएस कोड लागू आहे, बंदरात तुम्हाला पाससुद्धा सहज मिळत नाही. खरी ढिलाई छोट्या जेट्ट्यांवर.

कंटेनरचं म्हणाल तर फॅक्टरीतच ई-सील लागतं. खिळ्यासारखा जाड बोल्ट, डोक्यात चिप. ते कटरने कापावं लागतं, दुसरा मार्ग नाही. बंदरावर रीडरने वाचतात आणि नंबर जुळला नाही तर कंटेनर बाजूला. मागे एका पार्टीच्या कारकुनाने 6 चा 8 लिहिला, कंटेनर अडकला, जहाज गेलं. दहशतवादी नव्हता हो, फक्त अक्षर वाईट होतं.

आई, त्रिमूर्तीनगर (28 मार्च, रात्री 8.10)

इंजिनरूम काका, विषय थोडा वेगळा आहे, पण माझा मुलगा डेक कॅडेट आहे, टँकरवर. जहाज सध्या गुजरातकडे येत आहे. डिसेंबरात पोरबंदरच्या बाजूला केम प्लुटो टँकरवर ड्रोन पडलं तेव्हापासून झोप नाही. त्याला विचारलं तर म्हणतो "आई, काही नाही." मी नेमकं काय विचारू त्याला?

इंजिनरूम धरमपेठ (28 मार्च, रात्री 9.00)

ताई, "काही नाही" हे आम्ही सगळेच घरी सांगतो. त्याऐवजी हे विचारा: जहाज लाल समुद्रातून जाणार आहे का, आणि जाणार असेल तर कंपनीने लेखी संमती घेतली का? जाहीर युद्धक्षेत्रात जाण्याआधी खलाशाला नाही म्हणून उतरता यावं, अशी तरतूद बहुतेक करारांत असते. कॅडेट पोरं बिचकून मागत नाहीत, कारण सी-टाइम, म्हणजे समुद्रावर काढलेले दिवस, हवा असतो. त्याचा करार घरी एक प्रत ठेवा, कंपनीचा चोवीस तासांचा नंबर आणि एजंटचा नंबर फ्रीजवर लावा. आणि त्याच्या जहाजाची जागा रोज मोबाईलवर पाहत बसू नका. धोक्याच्या पट्ट्यात कधी कधी जागा कळवणारा ट्रान्सपाँडर मुद्दाम बंद करतात, ठिपका दिसेनासा होतो आणि इकडे घरच्यांचा रक्तदाब चढतो. केम प्लुटोवर आग लागली होती, ती खलाशांनीच विझवली आणि सगळे सुखरूप मुंबईला आले, हे तुम्हाला कोणी सांगितलं नसेल.

बुटीबोरीकर (29 मार्च, सकाळी 11.45)

पॉलिसी काढली. क्लॉज ए आहे, एसआरसीसी आहे, वॉर नाही. एजंटला फोन लावला तर म्हणे "वॉर कोणी घेत नाही साहेब." आज घेतो. लाईनला वॉर रिस्कबद्दल लेखी विचारलं, अजून उत्तर नाही. गिऱ्हाईकाने सरचार्जचा तिसरा हिस्सा मान्य केला आहे, मी अर्ध्यावर अडून बसलो आहे. पैसे दोन आठवडे उशिरा, म्हणजे बँकेचं पॅकिंग क्रेडिटचं (निर्यातीआधीच्या कर्जाचं) व्याज तेवढं वाढलं, त्याचं काही करता येतं का?

अजनीवाला सीएचए (29 मार्च, दुपारी 12.20)

बँकेत लगेच अर्ज द्या, मुदत वाढवून मागा, लाईनचं वळशाचं पत्र जोडा. ईसीजीसीची, म्हणजे निर्यातदारांना विमा देणाऱ्या सरकारी कंपनीची, पॉलिसी असेल तर तीही उघडा. प्रवास वळवल्यामुळे पडलेलं जास्तीचं भाडं, जे खरेदीदाराकडून वसूल होत नाही, हा त्यांच्या जोखमींच्या यादीत आहे. तुमच्या पॉलिसीत बसतं का ते त्यांच्याकडून लिहून घ्या. आणि शिपिंग बिल (कस्टम्सचा निर्यातीचा कागद) 31 च्या आत टाकायचं असेल तर इनव्हॉइस आज संध्याकाळपर्यंत पाठवा, उद्या सिस्टीमवर सगळं नागपूर तुटून पडणार आहे. सीलचा नंबर फोटोसकट पाठवा, हाताने लिहू नका.