इराणमधील जरथुष्ट्र्यांचा जिझिया मुंबईने भरला, तो कसा?

जुनी पेटी (प्रश्न)

नमस्कार. आमच्या सोसायटीच्या दिवाळी अंकासाठी मी पुण्या-मुंबईतील इराणी हॉटेलांवर लेख लिहीत आहे. ही मंडळी मूळची कुठली, याचा माग काढत मी यझद आणि केरमान या शहरांपर्यंत पोहोचलो आणि तिथे एका माहितीपाशी अडकलो. एकोणिसाव्या शतकात इराणमधील गरीब जरथुष्ट्र्यांवर (म्हणजे पारशांच्याच धर्माच्या लोकांवर) लादलेला जिझिया, म्हणजे मुसलमान नसलेल्यांवरचा कर, मुंबईचे पारशी कित्येक वर्षे स्वतःच्या पदरचे पैसे घालून भरत होते, असे वाचनात आले. जिझिया म्हटले की आपल्याला १६७९ सालचा औरंगजेबाचा हुकूम आठवतो. त्यानंतर पावणेदोनशे वर्षांनीही तो कर शेजारच्या देशात वसूल होत होता आणि त्याची तजवीज मुंबईत होत होती, याची मला कल्पना नव्हती.

माझे प्रश्न दोन आहेत. ही मदत कोणी उभी केली आणि तिचे स्वरूप काय होते? दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. जो कर हेच छळाचे हत्यार आहे, तोच आपण भरून टाकला, तर पैसा अखेर छळणाऱ्याच्याच तिजोरीत पडतो. मग त्याला मदत म्हणावे की खंडणी?

दस्तुरखुद्द

पहिल्या प्रश्नाचे उत्तर एका बाईपासून सुरू होते. गुलिस्तानबानू नावाची मुलगी १७९६ च्या सुमारास वडिलांसोबत इराणमधून पळून मुंबईला आली. पुढे तिचा विवाह फ्रामजी भिकाजी पांडे यांच्याशी झाला आणि इराणमधून जीव मुठीत घेऊन येणाऱ्या निर्वासितांना या घराने आधार दिला. त्यांच्या थोरल्या मुलाने, बरजोरजींनी, १८३४ मध्ये निर्वासितांसाठी निधी सुरू केला आणि धाकट्या मेहरवानजींच्या पुढाकाराने १८५४ मध्ये इराणमधील जरथुष्ट्र्यांची स्थिती सुधारण्यासाठी मुंबईत एक संस्था उभी राहिली. दिनशॉ माणेकजी पेटिट यांच्यासारखे गिरणीमालक पुढे तिच्या पाठीशी होते. आलेल्यांना थारा देणे आणि जे येऊ शकत नाहीत त्यांच्यापर्यंत पोहोचणे, यांत जे अंतर आहे ते या घराने वीस वर्षांत कापले, असे मला वाटते.

संस्थेने त्याच वर्षी माणेकजी लिमजी हातरिया यांना इराणला पाठवले. सुरतेजवळ जन्मलेला, व्यापाराच्या कामानिमित्त पुष्कळ फिरलेला हा चाळिशीतला गृहस्थ तिकडे गेला आणि १८९० मध्ये तेहरानमध्येच वारला. त्यांनी आधी माणसे मोजली. साऱ्या देशात जरथुष्ट्री उरले होते जेमतेम सात-आठ हजार आणि त्यांतले बहुतेक यझदच्या परिसरात. कराचा हिशेब त्या काळच्या वृत्तांतांत आला आहे, तो असा: ज्या सुमारे हजार जणांकडून जिझिया घ्यायचा, त्यांपैकी दोनशे जण तो विनासायास देऊ शकत, चारशे जण मोठ्या मुश्किलीने देत आणि उरलेल्यांना जिवावर बेतले तरी देणे शक्य नव्हते. शिवाय ठरलेल्या रकमेवर मधले वसुली अधिकारी आपला वाटा चढवीत, त्यामुळे प्रत्यक्ष उकळली जाणारी रक्कम कितीतरी अधिक असे.

जिझिया हा अनेक जाचांपैकी एक होता, हेही लेखात यावे. जरथुष्ट्र्याने घोड्यावर बसायचे नाही, नवे किंवा पांढरे कपडे घालायचे नाहीत, घराची भिंत ठरावीक उंचीपलीकडे न्यायची नाही, उकाड्याच्या यझदमध्ये घरावर हवा खेळवणारा मनोरा बांधायचा नाही. सर्वांत घातक नियम वारशाचा होता: कुटुंबातील एकाने धर्म बदलला की साऱ्यांची मालमत्ता त्याची. माझ्या मते एखादे घर मोडायला जिझियापेक्षा हा नियम जास्त पुरे होता, कारण त्यात शत्रू घरातच तयार होतो.

रोखठोक

माहिती उत्तम आहे, पण दुसऱ्या प्रश्नाला बगल दिली गेली आहे. सावकाराचे व्याज शेजाऱ्याने भरले म्हणून सावकार सुधारत नाही. उलट ‘याच्या मागे कोणीतरी पैसेवाला आहे’ हे कळल्यावर तो तगादा वाढवतो. मुंबईच्या शेठांनी त्याच पैशात माणसांना बोटीत बसवून इकडे का आणले नाही?

दस्तुरखुद्द

बगल दिलेली नाही, फक्त वेळ मिळाला नव्हता.

आपली सावकाराची उपमा अर्धी लागू पडते. जिझियाची जरब केवळ रकमेत नव्हती. ती वसुलीच्या क्षणात होती, म्हणजे ज्या दिवशी अधिकारी दारात उभा राहतो आणि घरातल्या माणसापुढे पैसे, मार किंवा धर्मांतर एवढेच पर्याय उरतात त्या दिवसात होती. संस्थेने गरिबांचा कर एकगठ्ठा भरायची जबाबदारी अंगावर घेतल्यावर तो दिवसच टळला. शहाच्या तिजोरीत पैसा गेला हे खरे, पण मधल्या माणसाची घरोघरी फिरण्याची सबब गेली. दुसरे असे, की हातरियांनी भरणा आणि अर्ज या दोन्ही गोष्टी सोबतच चालवल्या. ब्रिटिश राजदूत सर हेन्री रॉलिन्सन यांच्या मध्यस्थीने ते इराणचा राजा नासिरुद्दीन शाह याला भेटले आणि यझद-केरमानच्या वार्षिक रकमेतून शंभर तुमान (तिकडचे नाणे) कमी करून घेतले. पुढे १८७३ मध्ये शाह लंडनला गेला, तेव्हा तिथेही पारशांनी त्याच्यापुढे अर्ज ठेवला. अखेर १८८२ मध्ये फर्मान निघून जिझिया रद्द झाला. म्हणजे १८५४ पासून अठ्ठावीस वर्षे. तेवढी वर्षे ‘तत्त्व म्हणून कर भरू नका’ असे मुंबईत बसून यझदच्या विणकराला सांगणे सोपे होते. तेवढा काळ तो तग धरेल याची व्यवस्था करणे अवघड होते.

माणसे इकडे आणण्याबद्दल म्हणाल, तर कित्येक जण आलेच. पण सगळ्यांनी निघायचे, तर यझदचा आतशबेहराम, म्हणजे सर्वोच्च दर्जाचा पवित्र अग्नी, कोणाच्या भरवशावर सोडायचा? हातरियांनी यझद आणि केरमानच्या अग्यारींची व दखम्यांची (मृतदेह ठेवण्याच्या मनोऱ्यांची) दुरुस्ती करवली, शाळा काढल्या, गरीब मुलींच्या लग्नाचा खर्च संस्थेकडून करवला. लग्नाच्या खर्चावर काही वाचक हसतील, परंतु सात हजारांच्या समाजात लग्ने अडली की पुढची पिढीच अडते.

तफ्तवाले

माझे पणजोबा यझदजवळच्या तफ्त गावचे. आमची तिसरी पिढी पुणे कॅम्पात मराठी बोलत वाढली. आमच्या घरी एका पत्र्याच्या पेटीत पणजीची विजार आहे. ती अखंड कापडाची नाही. लाल, हिरव्या, पिवळ्या अशा बोटभर रुंदीच्या पट्ट्या एकीला एक जोडून ती शिवली आहे आणि प्रत्येक पट्टीवर बारीक भरतकाम आहे. आजी सांगायची, की आमच्या बायकांना बाजारात सबंध कापड मिळू देत नसत, म्हणून तुकडे जोडायची रीत पडली. हे कारण इतिहासाला धरून आहे का, हे मी सांगू शकत नाही. घरात ते असेच सांगितले गेले.

एक विनंती आहे. हॉटेलवाले इराणी हे सगळे जिझियामुळे पळून आलेले, असे कृपया लिहू नये. आमचे पणजोबा कर रद्द झाल्यानंतर बऱ्याच वर्षांनी आले, आणि मुख्यतः पोट भरण्यासाठी आले. फर्मानाने कर गेला तरी बाकीचे निर्बंध गावोगावी टिकून होते, त्यामुळे भूक कुठे संपते आणि छळ कुठे सुरू होतो हे त्यांना तरी सांगता आले असते का, याची मला शंका आहे. शिवाय सगळे इराणी हॉटेलवाले जरथुष्ट्री नव्हते. काही मुसलमानही होते.

जुनी पेटी

सर्वांचे आभार. तफ्तवाले यांची दुरुस्ती वेळेवर आली, कारण मसुद्यात मी नेमके तेच वाक्य लिहून ठेवले होते. ते काढले आहे. रोखठोक यांचा आक्षेप आणि त्यावरचे उत्तर मी लेखात शेजारी शेजारी ठेवणार आहे. त्या विजारीचे छायाचित्र अंकात छापण्याची परवानगी मिळेल का?

तफ्तवाले

आईला विचारून रविवारी कळवतो. पेटीची किल्ली तिच्याकडे असते.