जेवणानंतर येणारी ग्लानी: घरच्या ग्रुपवरची चर्चा

ताई: सर्वांना नमस्कार. माझ्या गॅस्ट्रिक बायपासला, म्हणजे वजन कमी करण्यासाठी केलेल्या जठराच्या शस्त्रक्रियेला, वर्ष उलटून गेले आहे, वजन अपेक्षेप्रमाणे उतरले आहे आणि गुडघ्यांचे दुखणेही पुष्कळ कमी झाले आहे, हे तुम्हां सर्वांना ठाऊक आहे. मात्र अलीकडे जेवण झाले की अंगातले त्राणच जाते. कधी जेवून उठते न उठते तोच आडवे व्हावेसे वाटते, तर कधी बराच वेळ गेल्यावर हातपाय थरथरतात, घाम सुटतो आणि डोळे आपोआप मिटू लागतात. कार्यालयात सांगायला संकोच वाटतो, कारण ऐकणाऱ्याला तो आळस वाटतो. आत्याने अशा रुग्णांच्या आहाराचे काम अनेक वर्षे केले आहे, म्हणून इथे विचारते आहे.

काका: मला हा सरळसरळ अशक्तपणा दिसतो. एवढेसे खाल्ल्यावर अंगात शक्ती येणार कुठून? गळून गेल्यासारखे वाटले की पेलाभर फळांचा रस किंवा ग्लुकोजचे पाणी घेत जा आणि दोन घास जास्त जेव.

आत्या: काकांचा जीव तुटतो म्हणून ते सांगत आहेत, पण ताई, रसाचा उपाय आज लगेच करू नकोस, त्याचे कारण पुढे लिहिते. तू दोन वेगळ्या तक्रारी एकत्र सांगितल्या आहेस आणि त्या सुट्या केल्याशिवाय उत्तर सापडणार नाही.

जेवल्यानंतर साधारण दहा मिनिटांपासून तासाभराच्या आत जी ग्लानी येते, तिचे कारण पोटात असते. बायपासनंतर जठराचा जेमतेम ३० मिलिलिटर मावेल एवढा कप्पा वापरात राहतो आणि अन्न थोडे थोडे पुढे सोडणारी जठराच्या शेवटी असलेली झडप वाटेतून वगळली जाते. त्यामुळे गोड किंवा पातळ अन्न एकदम लहान आतड्यात उतरते, त्या साखरेने दाट झालेल्या मिश्रणाला पातळ करण्यासाठी रक्तातले पाणी आतड्याकडे ओढले जाते, आतड्यातून निरनिराळी संप्रेरके (हार्मोन्स) सुटतात आणि रक्तदाब घसरून हृदयाची धडधड वाढते. पोटात कळ येणे, मळमळणे, जुलाब होणे, चेहरा तापणे आणि कधी एकदा पाठ टेकते असे होणे ही सगळी त्याचीच लक्षणे आहेत. याला डंपिंग म्हणतात. सिगस्टाड यांनी १९७० साली या विकाराच्या निदानासाठी जी गुणपद्धती मांडली, तिच्यात बसावेसे किंवा आडवे व्हावेसे वाटणे या एकाच लक्षणाला चार गुण आहेत आणि एकूण गुण सातच्या वर गेले की डंपिंगची शंका घेतली जाते. तेव्हा तुला आळशी म्हणणाऱ्यांचे म्हणणे मनावर घेऊ नकोस. तुझे आडवे व्हावेसे वाटणे हे वैद्यकाने मोजलेले लक्षण आहे.

एक ते तीन तासांनी येणारी थरथर मात्र निराळी आहे. साखर आतड्यात झपाट्याने शोषली जाते, रक्तातली साखर एकदम चढते, त्यातच आतड्यातून येणाऱ्या जीएलपी-१ सारख्या संप्रेरकांमुळे इन्सुलिन गरजेपेक्षा जास्त सुटते आणि मग साखर हवी त्याहून खाली जाते. ही तक्रार शस्त्रक्रियेनंतर लगेच न दिसता बहुधा वर्षभराने किंवा त्यानंतर सुरू होते, म्हणून रुग्णाला ती शस्त्रक्रियेशी जोडता येत नाही. मधल्या काळात सगळे सुरळीत होते, मग आताच काय बिघडले, असे त्याला वाटत राहते.

यावरून रसाबद्दल का थांब म्हटले ते लक्षात येईल. रस हा दोन्ही तक्रारींचे मूळ आहे. जेवणानंतर लगेच आलेल्या ग्लानीत तो घेतला, तर डंपिंग वाढेल. साखर उतरल्यामुळे थरथर होत असेल, तर थोडी साखर घ्यावीच लागते, पण पेलाभर रस घेतल्यास साखर पुन्हा उसळेल, पुन्हा इन्सुलिन सुटेल आणि दोन तासांनी तू त्याच जागी येशील.

दादा: आत्या, मग साखर खरोखर उतरते आहे की नाही हे घरी कसे कळणार? आणि हिचे हिमोग्लोबिन कमी असण्याची शक्यता आपण सोडून तर देत नाही ना?

आत्या: दोन्ही प्रश्न योग्य आहेत. थरथर सुरू असतानाच बोटाला टोचून ग्लुकोमीटरवर साखर पाहायची. नंतर पाहण्यात अर्थ नाही, कारण तोवर शरीर ती पुन्हा वर आणते. ७० च्या खालचा आकडा साखर उतरल्याचे सांगतो आणि ५४ च्या खालचा आकडा गंभीर धरतात. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी इथे उपयोगाची नाही, कारण चढ आणि उतार मिळून सरासरी चांगलीच दिसते. ग्लुकोज पिऊन करायची तपासणी प्रयोगशाळेत जाऊन परस्पर करू नका. बायपास झालेल्या माणसाला ती सोसत नाही, तिनेच जोराचे डंपिंग होऊ शकते. डॉक्टरांना हवे असेल तर ते मिश्र आहार देऊन तपासणी करतात.

हिमोग्लोबिनचे म्हणशील, तर लोह मुख्यतः लहान आतड्याच्या पहिल्या भागात शोषले जाते आणि बायपासमध्ये अन्न नेमके तो भाग टाळून पुढे जाते. बी-१२ शोषण्यासाठी लागणारे द्रव्य जठरात तयार होते, तेही कमी पडते. पण या कमतरतांचा थकवा दिवसभर असतो, जिना चढताना धाप लागते आणि सकाळी उठल्यावरही उत्साह नसतो. फक्त जेवणानंतर येऊन ओसरणारा थकवा तसा नसतो. तरीही दोन्ही एकत्र असू शकतात, म्हणून फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-१२, फोलेट आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्यावे. ताई, लोहाची आणि कॅल्शियमची गोळी तू एकत्र घेत असशील तर ते आजच थांबव. दोन्हींत किमान दोन तासांचे अंतर हवे.

वहिनी: आत्या, घरातल्या आम्ही माणसांनी नेमके काय करायचे? आम्ही ताईंना आग्रह करतो, तो चुकीचा आहे का?

आत्या: आग्रह थांबवावा, हे मी मनापासून सांगते. लहान चमचा, लहान वाटी, प्रत्येक घास चांगला चावून आणि एका जेवणाला वीस ते तीस मिनिटे, हे तिचे पथ्य आहे. समोरचा माणूस घाई करू लागला किंवा वाढू लागला की ते मोडते. तीन मोठ्या जेवणांऐवजी दिवसातून पाच-सहा वेळा थोडे थोडे खावे आणि अंडी, डाळी, पनीर, दही असे प्रथिनांचे पदार्थ आधी, मग भाजी, मग उरलेल्या जागेत पोळी-भातासारखे पिठूळ पदार्थ हा क्रम ठेवावा. दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिने जायला हवीत. पाणी जेवताना घ्यायचे नाही, ते जेवणानंतर अर्ध्या तासाने घोट घोट प्यायचे. मात्र दिवसभरात दीड लिटर तरी जायलाच हवे, कारण पाणी कमी पडले तरीही असाच थकवा येतो. लगेच येणाऱ्या ग्लानीत जेवणानंतर अर्धा तास पाठ टेकली तर अन्न सावकाश उतरते, म्हणून तिला तेवढा वेळ निवांत पडू द्या.

ताई: आत्याने सांगितल्याप्रमाणे काय खाल्ले, किती वाजता आणि किती वेळाने काय झाले, हे या आठवड्यात लिहून ठेवले. अंडी आणि भाजी खाल्ली त्या दिवशी काहीच झाले नाही. काल बैठकीत घाईघाईने गोड दही आणि फळांचा रस घेतला. पंधरा-वीस मिनिटांत छाती धडधडू लागली आणि खुर्चीत बसवेना. ते ओसरले, पण साधारण दोन तासांनी अक्षरे पुसट दिसू लागली, बोटे इतकी थरथरत होती की पट्टी यंत्रात नीट बसत नव्हती. आकडा ५२ आला. एकाच पेल्याने दोन्ही त्रास झाले.

काका: हे वाचून मी हादरलो. रस मीच सुचवला होता. आता असे झाले तर तिने त्या क्षणी नेमके काय घ्यायचे, ते कृपया स्पष्ट लिहा.

आत्या: साखर उतरलेली असेल तेव्हा १५ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे गोळ्यांच्या वेष्टनावर लिहिलेले पाहून तेवढेच, अधिक नाही. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचे आणि साखर वर आली की लगेच थोडे प्रथिनांचे खाणे घ्यायचे, म्हणजे ती टिकून राहते. गोळ्या पर्समध्ये आणि कार्यालयाच्या खणात ठेव. शुद्ध हरपू लागली तर तोंडात काहीही न घालता रुग्णवाहिका बोलवायची.

पण ५२ हा आकडा पाहिल्यावर केवळ पथ्यावर थांबणे मला मान्य नाही. उद्याच शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांची वेळ घे आणि त्यांची गाठ पडेपर्यंत गाडी स्वतः चालवू नकोस. पथ्याने भागले नाही तर पिठूळ पदार्थांचे पचन मंदावणाऱ्या अकार्बोजसारख्या गोळ्या असतात, त्या द्यायच्या की नाही हे डॉक्टर ठरवतील. शस्त्रक्रियेपूर्वीची मधुमेहाची किंवा रक्तदाबाची एखादी गोळी अजून चालू आहे का? वजन उतरल्यावर त्यांचा डोस बहुधा कमी करावा लागतो, आणि ते करायचे राहून गेले तर नेमकी हीच लक्षणे दिसतात.

ताई: मधुमेहाची गोळी शस्त्रक्रियेनंतर लगेच बंद झाली होती. रक्तदाबाची मात्र जुन्याच डोसने चालू आहे.

आत्या: मग त्या गोळ्यांची पट्टी सोबत घेऊन जा आणि गेल्या काही दिवसांतले रक्तदाबाचे आकडेही दाखव, गोळी स्वतःहून बंद करू नकोस.

वहिनी: माझ्या बहिणीची वजन कमी करण्याची स्लीव्ह शस्त्रक्रिया ठरली आहे. तिलाही असे होईल का?

आत्या: स्लीव्हमध्ये झडप जागेवर राहते, त्यामुळे डंपिंगचे प्रमाण बायपासपेक्षा कमी असते, पण जठराचा बराचसा भाग काढल्याने अन्न लवकर पुढे सरकते आणि त्रास होऊ शकतो. तिला एक गोष्ट आवर्जून सांग: शस्त्रक्रियेनंतर उलट्या थांबत नसतील आणि त्यासोबत तोल जाणे, एकाचे दोन दिसणे किंवा बोलण्यात गोंधळ होणे सुरू झाले, तर ते बी-१ जीवनसत्त्वाच्या तीव्र कमतरतेचे लक्षण असते आणि त्यात एक दिवसही दवडायचा नसतो. सुरुवातीच्या आठवड्यांत ताप, पोटात तीव्र दुखणे आणि सतत जलद नाडी असेल तर तेही तातडीचेच समजायचे.

ताई: उद्या सकाळची वेळ मिळाली आहे. नोंदवही, ग्लुकोमीटर आणि गोळ्यांची पट्टी पिशवीत ठेवली आहे.

दादा: मी गाडी घेऊन साडेनऊला येतो.