केमोच्या रुग्णांचं हृदय: एका दिवसाच्या प्रशिक्षणात नक्की काय घ्यावं?

मेडिसिन_कोल्हापूर: मेडिकल ऑफिसर, केमो वॉर्डच्या सिस्टर आणि टुडी एकोचे (हृदयाच्या सोनोग्राफीचे) टेक्निशियन असा मिश्र गट आहे, हाताशी सहा तास. युरोपियन सोसायटी ऑफ कार्डिओलॉजीची 2022 ची मार्गदर्शक तत्त्वं अख्खी शिकवत बसलो तर जेवणानंतर निम्मे पेंगतील. काय ठेवू, काय वगळू?

रंकाळा_ऑन्को: स्लाइड कमी करा, कागद-पेन द्या. सुरुवात डॉक्सोरुबिसिन या हृदयाला इजा करू शकणाऱ्या केमो औषधाच्या एकूण डोसच्या बेरजेनं. 60 मिग्रॅ प्रति चौरस मीटरच्या (शरीराच्या पृष्ठभागाच्या मापानं) चार सायकली, म्हणजे केमोच्या चार फेऱ्या, मिळून 240. 400 ला साधारण 5 टक्के रुग्णांत हार्ट फेल्युअर, 550 ला 26 च्या आसपास. घोळ होतो केसपेपरवर. नुसतं 'डॉक्सो 96' लिहिलेलं असतं. 1.6 चौरस मीटरच्या बाईंचा तो 60 चाच डोस, पण पुढचा माणूस 96 चीच बेरीज करत जातो. आणि मिरजेला किंवा मुंबईला आधी झालेल्या सायकली कुणी धरतच नाही. नावं झाकून जुनी डिस्चार्ज कार्डं वाटा, बेरीज त्यांनाच करू दे.

स्ट्रेनवाला: टेक्निशियनना एकच घोकून घ्या: तेच मशीन, तेच सॉफ्टवेअर, आणि रिपोर्टवर त्या वेळचं बीपी. बीपी चढलेलं असलं तर स्ट्रेन (हृदयाचा स्नायू किती आखडतो याचं एकोवरचं माप, उणे टक्क्यांत) उगाच खराब दिसतो. उणे 20 वरून उणे 16.5 म्हणजे साडेसतरा टक्के घट. घट 15 टक्क्यांच्या वर गेली की दखल घ्यायची. पण ईएफ (दर ठोक्याला हृदयाच्या डाव्या कप्प्यातून बाहेर पडणारं रक्त, टक्क्यांत) 50 च्या वर असेल तर तेवढ्यावरून ट्रॅस्टुझुमॅब हे कॅन्सरचं औषध थांबवायचं नाही. एसीई इनहिबिटर, बीटा ब्लॉकर या हृदय जपणाऱ्या औषधांचा विचार करा, एको लवकर परत करा. घाबरून औषध बंद करणं हीच जास्त घडणारी चूक.

केमो_सिस्टर: फाइव्ह-एफयू हे पंपानं शिरेतून देतात ते केमोचं औषध विसरू नका सर. छातीत दुखलं की आधी पंप बंद, मग बारा लीडचा ईसीजी, मग फोन. ऑर्डरची वाट बघत औषध चालू ठेवायचं नाही, हा अधिकार सिस्टरना लेखी द्या. दुखायचं थांबलं म्हणून परत चालूही करायचं नाही. चंदगड, गडहिंग्लजचे पेशंट पंप लावून घरी जातात, त्यांच्या नातेवाइकांना नळी बंद करायचा क्लॅम्प हातात देऊन दाखवा. कॅपेसिटाबिन या त्याच जातीच्या औषधाच्या गोळ्यांनाही हेच लागू: छातीत दुखलं की गोळी बंद.

मेडिसिन_कोल्हापूर: इम्युनोथेरपी (प्रतिकारशक्तीला कॅन्सरवर सोडणारी औषधं) घेऊ का? आपल्याकडे पेशंट थोडेच.

रंकाळा_ऑन्को: वीस मिनिटं तरी घ्याच. पापणी पडतेय, दोन-दोन दिसतंय, दम लागतोय: त्याच दिवशी ट्रोपोनिन, सीपीके (हृदय आणि स्नायूंची इजा दाखवणाऱ्या रक्ततपासण्या), ईसीजी. एको नॉर्मल आला तरी या औषधांमुळे होणारा मायोकार्डायटिस, म्हणजे हृदयाच्या स्नायूचा दाह, असू शकतो. दाट संशय असेल आणि पेशंट ढासळत असेल तर एमआरआयसाठी न थांबता मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड 500 ते 1000 मिग्रॅ शिरेतून.